आठ महिने हायपोसोबत: बाटली, तारीख आणि माझी काटकसर

मागच्या महिन्यात अठरा दात वाया गेले. एकमुळी, सरळ कॅनलचे (मुळातली पोकळ नळी), न किडलेले काढलेले दात जमवायला किती दिवस लागतात ते थिसिस केलेल्यांना सांगायला नको. थायमॉलच्या पाण्यात जपून ठेवले होते. त्याच संतापात मी हायपोचा, म्हणजे कॅनल धुवायच्या सोडियम हायपोक्लोराइटचा, हा रिव्ह्यू लिहायला घेतला आणि अर्ध्यावर मत बदलावं लागलं. पहिला भाग खोडलेला नाही, तसाच ठेवतेय.

वापर नेहमीचाच: ५.२५ टक्के हायपो, १७ टक्के ईडीटीए (कॅनलच्या भिंतीवरचा चुरा काढणारं), मध्ये डिस्टिल्ड वॉटर, एका गटात शेवटी २ टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक). सुई ३० गेजची, बाजूला छिद्र असलेली. सिरिंज ल्युअर लॉकचीच (सुई पिळून घट्ट बसते ती) घ्या. साध्या सिरिंजची सुई दाबाने सुटते तेव्हा काय होतं ते माझ्या निळ्या स्क्रबवरचे पांढरे ठिपके सांगतील.

ईडीटीएबद्दल तक्रार नाही. एक मिनिट पुरतं. सुरुवातीला जास्त ठेवलं तर जास्त साफ होईल म्हणून मी दहा मिनिटं ठेवलं. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) पाहिलं तर डेंटिनमधल्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरातल्या, बारीक नळ्यांची (ट्यूब्यूल) तोंडं झिजून एकमेकांत मिसळलेली. चूक माझी. एपिकल थर्ड (मुळाच्या टोकाकडचा एक तृतीयांश भाग) मात्र कधीच मनासारखा निघाला नाही. मुळाचं टोक मेणाने बंद केलं की आत हवा अडकते आणि द्रावण सुईच्या टोकापुढे जेमतेम मिलिमीटरभर जातं. अल्ट्रासॉनिक टिप लावल्यावर फरक पडला, पण ती मिळवायला विभागात नंबर लावावा लागतो.

आता हायपो. बाटली पांढरी, उजेड आरपार दिसेल अशी. उजेडात ताकद कमी होणारी वस्तू अशा बाटलीत कोण भरतं? त्याहून वाईट म्हणजे उत्पादनाची तारीख शाईने छापलेली. ओतताना एक ओघळ लेबलवर गेला की तारीख गायब. हायपोच्या बाटलीवरची तारीख हायपोच पुसतं आणि हे कंपनीत कुणाच्याही लक्षात आलेलं नाही! तिसऱ्या महिन्यापासून माझ्याकडे बिनतारखेच्या तीन बाटल्या होत्या. दोन तारे मी तेव्हाच कापले.

मग ते अठरा दात. एन्टेरोकोकस फिकॅलिस या जिवाणूचा गट, पहिल्या फेरीत प्लेट जवळजवळ कोऱ्या. दुसऱ्या फेरीत तेच द्रावण, तेवढाच वेळ, आणि प्लेटवर कॉलन्याच कॉलन्या. आधी इनक्युबेटरवर संशय घेतला, मग सॅम्पलमधलं हायपो निष्प्रभ करणाऱ्या थायोसल्फेटवर, मग ज्युनिअरवर (तिची माफी मागून झालीय). शेवटी मॅडमनी एवढंच विचारलं, "टायट्रेशन कधी केलं होतंस?"

टायट्रेशन, म्हणजे द्रावणाची खरी ताकद मोजणं, केलंच नव्हतं. लेबलवर ५.२५ लिहिलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी केलं. एक मिली हायपो पातळ करून त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक ॲसिड घातलं, गडद तपकिरी रंग आला. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल थायोसल्फेट थेंबथेंब सोडलं. तपकिरीचा पिवळा झाला, पिवळा फिकट झाल्यावर स्टार्च घातला, काळपट निळं झालं. ५.२५ टक्क्यांना १४ मिली लागायला हवं. साडेनऊलाच फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ. म्हणजे साडेतीन टक्के. पुन्हा केलं, पुन्हा साडेनऊ.

कंपनीला तिखट मेल लिहिला. उत्तर आलं, "साठवणुकीच्या सूचना पाळल्या होत्या का?" अंगाचा तिळपापड झाला. पुरावा म्हणून त्याच खोक्यातली सीलबंद बाटली फोडली. १३.८ मिली. जवळजवळ लेबलाइतकंच.

इथे माझं मत बदललं. उघडलेल्या बाटलीचं मी काय करत होते ते सांगायला लाज वाटते. बीकरमध्ये ओतलेलं उरायचं, ते फेकवत नव्हतं, म्हणून परत बाटलीत ओतायचे. त्यात सुईबरोबर आलेली डेंटिनची पूड, मेलेल्या पल्पचे (दाताच्या आतला मऊ गाभा) कण. हायपोला तेच तर खायला लागतं, ते बाटलीतच जेवत बसलं. वर बाटली खिडकीपाशी, इनक्युबेटरच्या डोक्यावर. ऊन आणि ऊब दोन्ही. काटकसर चमचाभर द्रावणाची, किंमत अठरा दात.

पहिल्या महायुद्धात जखमा धुवायला डेकिनचं द्रावण (पातळ हायपोच) वापरत तेव्हा त्याची ताकद ०.४५ ते ०.५ टक्क्यांतच हवी असा दंडक होता. शंभर वर्षांपूर्वी जे मोजत होते ते मी लेबल वाचून सोडून दिलं.

आता नवी बाटली आली की लगेच लहान तपकिरी बाटल्यांत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवते. दर सोमवारी टायट्रेशन. गरम करायचं तर सिरिंजपुरतं, साठा नाही. उरलेलं सरळ फेकते. पहिल्यांदा फेकताना हात थांबला होता.

क्लोरहेक्सिडिनला मी आधी नावं ठेवली होती, टिश्यू विरघळवत नाही तर त्याचा उपयोग काय म्हणून. पण ते डेंटिनला धरून राहतं, आणि माझ्या उशिरा घेतलेल्या सॅम्पलमध्ये तोच गट टिकला. एक तारा वाढवतेय. फक्त आधीचं हायपो पाण्याने नीट धुवून काढा. एकदा धुवायचं राहिलं तर कॅनलमधून विटकरी गाळ वर आला, पेपर पॉइंटला (कॅनल कोरडा करायची कागदी काडी) चिकटून. त्यात पॅराक्लोरोॲनिलिन हे विषारी रसायन असतं की नाही यावर दोन्ही बाजूंचे पेपर आहेत. असो वा नसो, तो दात बाद झाला.

हायपोला चार तारे. पाचवा तारखेपायी जातो, आणि तो मी देणार नाही. नवीन बाटली आली की आधी तारखेवर सेलोटेप लावते. अठरापैकी अकरा दात पुन्हा जमलेत.