महाराष्ट्र शासनाची रजा व्यवस्था: देते भरपूर, पण मागायचं नीट

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ कर्मचाऱ्याला सढळ हाताने देतात. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा (सेवेतून कमावलेली, पूर्ण पगारी), २० दिवस अर्धवेतनी रजा, आणि या नियमांबाहेर शासन आदेशाने मिळणारी ८ दिवसांची नैमित्तिक (कॅज्युअल) रजा. तरतूद म्हणून पाहिलं तर नाव ठेवायला फारशी जागा नाही. तरीही निवृत्तीच्या वेळी अनेकांच्या खात्यात अर्जित रजा अपेक्षेपेक्षा कमी निघते. त्याचं कारण बहुतेकदा अर्जातल्या एका रकान्यात असतं. तो रकाना म्हणजे रजेचा प्रकार.

आजारपणासाठी वेगळं खातं नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. आपण सगळे ज्याला 'मेडिकल' म्हणतो ती अर्धवेतनी रजेच्या खात्यातून जाते. या खात्यात १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १० दिवस जमा होतात आणि साठवायला कमाल मर्यादा नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून तीच रजा 'परिवर्तित' म्हणून मागितली की पूर्ण पगार मिळतो, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. ८ वर्षं नोकरी झालेल्या आणि एकदाही ही रजा न घेतलेल्या कर्मचाऱ्याकडे १६० दिवस अर्धवेतनी, म्हणजे पूर्ण पगारी ८० दिवस असतात. टायफॉइड झाला, २५ दिवस घरी राहावं लागलं, तर ५० वजा होऊन ११० उरतात. अर्जित रजेला हातही लागत नाही.

याच २५ दिवसांसाठी घाईत 'अर्जित रजा' लिहिलं तर? पगार तितकाच मिळतो, म्हणून त्या वेळी काही बिघडल्यासारखं वाटत नाही. पण अर्जित रजेचं निवृत्तीला ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण होतं, म्हणजे न वापरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ७५,००० रुपये धरले तर एका दिवसाचे २,५०० रुपये होतात. खात्यात ३०० दिवस भरत नसतील तर २५ दिवसांचे ६२,५०० रुपये गेले. ज्यांचे ३०० भरलेच आहेत त्यांचं गणित उलटं आहे. त्यांनी अर्जित रजा बिनधास्त वापरावी, कारण मर्यादेवरची रजा साठत नाही.

इथे नियम १० कर्मचाऱ्याच्या बाजूने उभा आहे, आणि माझ्या मते साऱ्या नियमांतली ही सर्वांत मोलाची ओळ आहे. रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि सक्षम प्राधिकारी ती नाकारू शकतो, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच नियमाचा दुसरा भाग मात्र क्वचितच कोणी सांगतं. देय असलेल्या आणि मागितलेल्या रजेचा प्रकार कर्मचाऱ्याच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. म्हणून 'अर्जित टाका, लवकर मंजूर होईल' असं टेबलावरून सुचवलं गेलं तरी अर्जात 'परिवर्तित रजा, वैद्यकीय प्रमाणपत्रावर' असं स्पष्ट लिहावं. चुकून वेगळा प्रकार लिहिला गेलाच, तर नंतर रूपांतरासाठी अर्ज करता येतो, पण ते मंजूर होईलच अशी खात्री नाही.

कागद सर्वाधिक अडतो तो तारखांवर. प्रमाणपत्रात विश्रांती गुरुवारपर्यंत, फिटनेस (कामावर येण्यास योग्य असल्याचा दाखला) शुक्रवारपासून, आणि माणूस रुजू होतो सोमवारी. मग तो शुक्रवार कोणत्याच रजेत बसत नाही आणि त्यापुढचे शनिवार-रविवारही त्याच्याबरोबर अडकतात. डॉक्टरांकडून बाहेर पडण्याआधी आजाराचं नाव, विश्रांतीची पहिली आणि शेवटची तारीख, नोंदणी क्रमांक, सही-शिक्का एवढं तपासून घ्यावं. वैद्यकीय कारणावर गेलेल्याला फिटनेसशिवाय रुजू करून घेत नाहीत, तेव्हा ते प्रमाणपत्र रुजू होण्याच्या दिवशी हातात असू द्या. राजपत्रित आणि अराजपत्रितांसाठी प्रमाणपत्राची पद्धत वेगळी आहे, ती आस्थापनेकडून आधीच विचारून घ्यावी.

२९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि सुट्ट्या जोडणं अधिक फायद्याचं झालं. सोमवार ते शुक्रवार अर्जित रजा घेतली आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार जोडून मागितले, तर ९ दिवस मिळतात आणि खात्यातून ५ जातात. हीच रजा पुढच्या सोमवारपर्यंत वाढवली की मधले दोन दिवसही रजेत धरले जाऊन ८ वजा होतात. जोडसुट्टीची आणि मुख्यालय (नेमणुकीचं ठिकाण) सोडण्याची परवानगी अर्जातच मागायची, तोंडी नको. नैमित्तिक रजा मात्र अर्जितला जोडता येत नाही.

दीर्घ आजारात खातं रिकामं झालं तर अनर्जित रजा आहे, संपूर्ण सेवेत ३६० दिवसांपर्यंत. ही उसनवारी असते. पुढे जमा होणाऱ्या अर्धवेतनी रजेतून ती फेडावी लागते. त्यानंतर उरते ती बिनपगारी असाधारण रजा. तिचा एक दशांश भाग पुढच्या सहामाहीच्या अर्जित रजेतून कमी होतो. म्हणजे ६० दिवस घेतले की १५ ऐवजी ९ जमा. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतली तर वेतनवाढही पुढे जाते. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात अशा आजारांसाठी विशेष रजेची तरतूद आहे, तेव्हा असाधारणकडे वळण्याआधी ती जरूर तपासावी.

नियमांच्या जुन्या छापील प्रतींवर विसंबू नये. त्यांत अर्जित रजेची मर्यादा २४० दिवस आणि प्रसूती रजा ९० दिवस अशीच राहिलेली दिसते. प्रसूती रजा २००९ पासून १८० दिवसांची आहे, आणि २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळते.

व्यवस्थेचा खरा कच्चा दुवा म्हणजे रजेचा लेखा. सहामाहीची जमा वेळेवर चढत नाही, बदलीच्या वेळी नोंदी अर्धवट राहतात, आणि सगळं उघडकीला येतं ते निवृत्तीच्या तोंडावर. मंजुरी आदेशाची प्रत स्वतःकडे ठेवा. जानेवारी आणि जुलैत सेवापुस्तकातला रजा लेखा मागून पाहा, आणि दुय्यम सेवापुस्तकात (तुमच्याकडच्या प्रतीत) तीच नोंद त्याच दिवशी करून सही घ्या. बदली होऊन कार्यमुक्त होण्याआधी तर हे नक्की करा. नंतर जुन्या कार्यालयातला कागद हाती लागायला महिने जातात.