'लेट देम ईट बिंगो': वूफर नसेल तर अर्धाच अल्बम ऐकाल

माझ्या जुन्या स्पीकरच्या वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या शंकूची, फोमची कड झडली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकच: नवी जोडी घ्या. कॉइल ठणठणीत, मॅग्नेट ठणठणीत, तरी नवी जोडी! शेवटी एका दुरुस्तीवाल्याने नुसती फोमची रिंग बदलून दिली, तीही किरकोळ पैशांत. मधले दिवस ब्लूटूथच्या छोट्या स्पीकरवर काढले. बीट्स इंटरनॅशनल या ब्रिटिश बँडची 'लेट देम ईट बिंगो' ही सीडी त्यावर इतकी केविलवाणी वाजली की लिहायला बसलो.

१९९० सालचा हा अल्बम बँडच्या म्होरक्या नॉर्मन कुकचा. फॅटबॉय स्लिम हे नाव त्याने पुढे घेतलं. या अल्बमआधी तो हाउसमार्टिन्स या बँडमध्ये बेस वाजवायचा. सगळा डोलारा खर्जावर उभा आहे तो त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

'डब बी गुड टू मी' घ्या. ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मूळ गाणं एसओएस बँडचं, १९८३चं. इथे लिंडी लेटन गाते. माउथ ऑर्गन एन्यो मोरिकोनेच्या वेस्टर्न सिनेमातला. आणि या सगळ्याखाली क्लॅश या पंक बँडच्या 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' या गाण्याचा बेस. छोट्या स्पीकरवर बाईचा आवाज येतो, माउथ ऑर्गन येतो आणि खाली नुसती पोकळी. मग उरतं एक बरंसं पॉप गाणं. वूफरवर मात्र तो बेस पावलं टाकत येतो, मध्येच थांबतो, आणि त्या थांब्यांमुळे लिंडीच्या साध्या चालीला धार चढते. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात जमैकाचं रेगे संगीत ऐकत वाढलेल्या, क्लॅशच्या पॉल सिमननने १९७९ साली ही ओळ आपल्या बँडसाठी रचली. कुकने ती उचलून परत डबमध्ये, म्हणजे रेगेतल्याच ड्रम आणि बेस पुढे आणणाऱ्या शैलीत, नेली. ज्या मुलखातून आली तिथेच पोचली! सॅम्पलिंगला, म्हणजे जुन्या गाण्यांचे तुकडे नव्यात वापरण्याला, उचलेगिरी म्हणणाऱ्यांनी एवढं एक गाणं नीट ऐकावं.

घेतल्यावर बरेच महिने मला वाटायचं, एका गाण्यासाठी अख्खी सीडी घेतली. 'फॉर स्पेशस लाइज' अजूनही मला सपकच वाटतं. पण नवा फोम तपासायला सीडी सलग लावली आणि शेवटच्या 'ट्रिब्यूट टू किंग टबी'पर्यंत पोचलो, तेव्हा मत फिरलं. जमैकातल्या किंग्स्टनचा टबी मुळात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. मिक्सिंगचा टेबल त्याने वाद्यासारखा वाजवला: गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा, ड्रम आणि बेस उघडे ठेवायचे, उरलेल्या तुकड्यांवर एको सोडायचा. फेब्रुवारी १९८९मध्ये त्याचा खून झाला. पुढच्याच वर्षी नाचाच्या, विक्रीसाठी काढलेल्या अल्बमचा शेवट त्याच्या नावाने करावा, याचं मला फार मोल वाटतं. त्यानंतर पहिल्यापासून ऐकताना डब हा वरून दिलेला मुलामा वाटेनासा झाला.

महागड्या विनाइलच्या मागे लागू नका. जुनी सीडी पुरते. वाचलेले पैसे स्पीकरवर घाला. फोम झडला तर नवी जोडी विकणाऱ्याकडे न जाता रिंग बदलणारा शोधा. डबची गोडी लागलीच, तर याच मंडळींचा १९९१चा 'एक्सकर्शन ऑन द व्हर्जन' घ्या. त्यात रेगे आणखी वर आलंय.