गाय गाभण आहे का सांगणारी रक्ताची पट्टी: वापरून झालेलं मत

ही पट्टी घ्यावी ती खाली, म्हणजे गाभण न राहिलेली, गाय हुडकायला. गाभण गाय पक्की करायला घेतलीत तर तोंडघशी पडाल, हे आधीच सांगून टाकते.

वापर सोपा आहे. रेतनाला २८ दिवस झाले आणि मागच्या वेताला ६० दिवस उलटले, की थोडं रक्त काढून पट्टीवर थेंब टाकायचा. दोन रेषा म्हणजे गाभण, एक म्हणजे खाली. खात्रीची रेष, म्हणजे पट्टी नीट चालली हे सांगणारी, उमटलीच नाही तर पट्टी बाद. रक्त काढणं मात्र डॉक्टरांकडून नीट शिकून घ्या. शेपूट सरळ वर धरायची, शेण पुसायचं आणि मुळापासून अर्ध्या वितीवर, खालच्या बाजूच्या मधल्या खाचेत सुई उभी घालायची. रक्त घेतलेली जांभळ्या बुचाची (रक्त गोठू न देणारी) नळी हलकेच उलटीसुलटी करायची. ताक घुसळल्यासारखी हलवली तर रक्त फुटतं आणि पट्टी लालभडक होऊन काहीच वाचता येत नाही.

ज्या प्रथिनावर हे सगळं चालतं, त्यामागचं संशोधन मला पट्टीपेक्षा जास्त आवडलं. गाईच्या वारेत दोन केंद्रकं असलेल्या पेशी असतात. त्या गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींशी एकजीव होतात आणि आपलं प्रथिन आईच्या अंगात सोडतात. अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठातल्या गार्थ सॅसर यांच्या गटाने १९८२ मध्ये असं फक्त गाभणपणातलं प्रथिन दाखवलं आणि १९८६ मध्ये रक्तात ते मोजून गाभण गाय ओळखता येते हे मांडलं. आता या घराण्यातल्या प्रथिनांना पॅग (गाभणपणाशी निगडित ग्लायकोप्रथिनं) म्हणतात.

पट्टीला वासरू दिसत नाही, वारेची खूण तेवढी दिसते. गाय व्यायली तरी पॅग रक्तातून जायला कित्येक आठवडे लागतात. ६० दिवसांची अट त्यासाठीच. गर्भ आत मेला तरी ते काही दिवस रेंगाळतं. आमच्या तांबूची दुसरी रेष अशी फिकट आली, की पट्टी उजेडाकडे तिरकी धरली तेव्हा कुठे दिसली. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तर आत पाणी होतं, ठोका नव्हता. पुढे ती उलटलीच, म्हणजे पुन्हा माजावर आली. पट्टी खोटं बोलली असं मी म्हणणार नाही, पण माहितीपत्रकात फिकट रेषेबद्दल अवाक्षर नाही आणि हे मला खटकलं. साठ दिवसांच्या सुमाराला फेरतपासणी करा, असं तरी मोठ्या अक्षरांत छापायचं.

खाली गाईच्या बाबतीत मात्र पट्टीने पैसे वसूल केले. ‘एकविसाव्या दिवशी उलटली नाही, म्हणजे राहिली’ हा हिशेब किती कच्चा असतो ते इथे कळतं. सोळाव्या दिवसाच्या आसपास गर्भ इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून आईला आपली वर्दी देतो, तेव्हा कुठे तिचा माज थांबतो. वर्दी देऊन मग गर्भ गेला, की गाय उशिरा माजावर येते. मुका माज असला, म्हणजे बाहेर खुणा दिसल्याच नाहीत, तर तोही हुकतो. पट्टीविना अशा गाईला आपण गाभण समजून खाऊ घालत बसतो आणि दर हुकलेल्या माजाला तीन आठवडे वाया जातात.

एक सावधगिरी. ‘खाली’ आलं म्हणून लगेच माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देऊ नका. रेतनाची तारीख चुकीची असेल, तपासणी लवकर झाली असेल, तर गाभण गाय गाभडेल. आधी नोंदवही बघा, शंका असेल तर डॉक्टरांना गुदद्वारातून हात घालून तपासू द्या.

सोनोग्राफीशी तुलना करण्यात अर्थ नाही. तिच्यात ठोका दिसतो, जुळं दिसतं, बीजकोशावरची गाठही दिसते. पट्टी यातलं काहीच सांगत नाही. पण यंत्र आणि ते हाताळणारा माणूस हवा तेव्हा गोठ्यात हजर नसतो, पट्टी असते.

म्हशींसाठी घेणार असाल तर डब्यावर म्हशीचा उल्लेख आहे का ते बघूनच घ्या.