टिअर्स फॉर फिअर्स: आधी २००४ चा अल्बम ऐकावा की २०२२ चा?

'शाउट' आणि 'एव्हरीबडी वॉन्ट्स टू रूल द वर्ल्ड', एवढ्या दोन गाण्यांवरच टिअर्स फॉर फिअर्स या ब्रिटिश बँडची ओळख थांबलेले पुष्कळ लोक आहेत. कित्येक वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो. १९८५ चा 'साँग्स फ्रॉम द बिग चेअर' पाठ झाला, 'द सीड्स ऑफ लव्ह' (१९८९) ऐकून झाला, आता पुढे काय, असा प्रश्न पडला असेल तर समोर दोन अल्बम येतात: 'एव्हरीबडी लव्ह्ज अ हॅपी एंडिंग' (२००४) आणि 'द टिपिंग पॉइंट' (२०२२). दोन्हींत रोलंड ओर्झाबाल आणि कर्ट स्मिथ ही मूळ जोडी आहे. मधल्या काळात, १९९३ आणि १९९५ मध्येही बँडच्या नावाने अल्बम आले, पण तेव्हा कर्ट बाहेर पडला होता आणि रोलंड एकटाच गाडा ओढत होता. ते तूर्त बाजूला ठेवू.

माझा कौल आधीच सांगतो. एकच ऐकणार असाल तर २०२२ चा ऐका. पण तुमचं सगळ्यात लाडकं गाणं १९८९ च्या अल्बममधलं 'सोइंग द सीड्स ऑफ लव्ह' असेल, तर माझं ऐकू नका, सरळ २००४ कडे जा.

कारण २००४ चा अल्बम त्या गाण्याचाच थोरला विस्तार आहे. बाथमध्ये एकत्र वाढलेले हे दोघे दुरावल्यानंतर २००० च्या सुमारास पुन्हा बोलू लागले, आणि त्या समेटाची खुशी अल्बमभर सांडली आहे. बीटल्सचं ऋण लपवायचा प्रयत्नसुद्धा नाही. शीर्षकगीत तर एका गाण्यात तीन-चार गाणी कोंबल्यासारखं आहे. लय मध्येच बदलते, चाल वळण घेते, आणि आपण कुठून निघालो होतो तेच विसरायला होतं. 'हू किल्ड टँजरीन?' शांतपणे सुरू होतं आणि शेवटी सगळ्या गावाने मिळून गावं तसं फुलत जातं. 'सीक्रेट वर्ल्ड'मध्ये अख्खा वाद्यवृंद आहे आणि तो शोभेपुरता बसवलेला नाही, गाण्याला उचलून धरतो. 'कॉल मी मेलो'ची गिटार इतकी खेळकर आहे की हा उदास 'मॅड वर्ल्ड' गाणारा बँड यावर विश्वास बसत नाही.

अडचणही इथेच आहे. बारा गाणी, आणि बहुतेक सगळी नटूनथटून आलेली. प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी वाजतंय, आवाजांवर आवाज चढलेत. मी हा अल्बम एका बैठकीत क्वचितच संपवतो. सातव्या-आठव्या गाण्यापाशी कान दमतात. कर्टने गायलेली 'साइझ ऑफ सॉरो' आणि 'हू यू आर' ही दोन गाणी आली की हायसं वाटतं, कारण त्यांत मोकळी जागा आहे. दुसरी गोष्ट, इथे चाली भरपूर असल्या तरी हे गाणं आत्ता का लिहावंसं वाटलं, या प्रश्नाचं उत्तर दर वेळी मिळत नाही. कारागिरी पहिल्या दर्जाची आहे, निकड मात्र अधूनमधूनच जाणवते.

'द टिपिंग पॉइंट'मध्ये निकडीची वानवा नाही. रोलंडची पत्नी कॅरोलाइन दीर्घ आजारपणानंतर २०१७ मध्ये गेली. शीर्षकगीत त्याच काळातलं आहे: हॉस्पिटलच्या खाटेशेजारी बसलेला माणूस समोरच्याकडे बघतोय, आणि जगणं संपून मरणं सुरू होतं तो क्षण नेमका कोणता, हे शोधतोय. एवढा जड विषय, पण लय मात्र झुलती. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे पडतात, 'रूल द वर्ल्ड'मध्ये पडतात तसेच. पहिल्यांदा ऐकताना मी चक्क मान डोलावत होतो. शब्द कळल्यावर ती आपोआप थांबली.

या बँडचं नावच आर्थर जानोव यांच्या प्रायमल थेरपीच्या विचारांतून आलेलं. बालपणीचं दुखणं रडून-ओरडून बाहेर काढायचं, अशी ती कल्पना. 'द हर्टिंग' (१९८३) आला तेव्हा दोघे विशीच्या उंबरठ्यावर होते आणि दुःखाबद्दल बरंचसं वाचून बोलत होते. २०२२ मध्ये दोघेही साठीचे. 'प्लीज बी हॅपी' ऐकताना हा फरक जाणवतो. त्यात आरडाओरडा अजिबात नाही; पियानो, तंतुवाद्यं आणि आपण काहीच करू शकत नाही हे कळून चुकलेला एक आवाज.

हा अल्बम सहज झालेला नाही. व्यवस्थापनाच्या आग्रहावरून दोघांना बरीच वर्षं आजच्या काळातल्या हिट गीतकारांबरोबर बसवण्यात आलं. त्यातलं बरंचसं शेवटी बासनात गेलं. मग दोघंच दोन अकूस्टिक गिटारी घेऊन बसले आणि 'नो स्मॉल थिंग' निघालं. अल्बमची सुरुवात त्याचीच आहे: आधी साधी, लोकगीतासारखी गिटार, मग हळूहळू एकेक वाद्य चढत जातं आणि शेवटी सगळं एकमेकांवर कोसळतं. २००४ चा अल्बम पहिल्या मिनिटापासून भरगच्च असतो. इथे भरगच्च व्हायला कारण लागतं. हेडफोन लावून हे गाणं एकदा ऐका, निर्णय तिथेच होईल.

दोष? आहेत. 'माय डीमन्स'चा इलेक्ट्रॉनिक धडाका मला आजही उपरा वाटतो, जुन्या प्रयत्नांतलं काहीतरी उरल्यासारखा. कर्टचं 'ब्रेक द मॅन' छान आहे, पण फार गुळगुळीत. शेवटचं 'स्टे' हे २०१७ च्या संकलनात आधीच येऊन गेलेलं गाणं आहे. ते सुंदर आहे, पण नवं म्हणून विकत घेणाऱ्याला थोडं फसवल्यासारखं वाटू शकतं. तरी दहाच गाणी, पाऊण तासाच्या आत खेळ आटोपतो, आणि मी तो दर वेळी शेवटपर्यंत ऐकतो. घरी सराउंड साउंडची सोय असेल तर संगीतकार स्टीव्हन विल्सनने केलेलं डॉल्बी अ‍ॅटमॉस मिश्रण जरूर मिळवा.

खपाच्या बाजूने पाहिलं तर तुलनाच नाही. 'द टिपिंग पॉइंट' ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. २००४ चा अल्बम आला कधी नि गेला कधी, हे अनेक चाहत्यांनाही कळलं नाही. त्यावरून तो कमअस्सल ठरवू नका. चालींची श्रीमंती मोजायची तर मी अजूनही २००४ लाच जास्त गुण देईन.

कोणताच निवडवत नसेल तर २०२४ चा 'साँग्स फॉर अ नर्व्हस प्लॅनेट' लावा. त्यात चार नवी गाणी आहेत, बाकी सगळं प्रत्यक्ष मैफलीतलं. जुन्या गाण्यांच्या रांगेत 'द टिपिंग पॉइंट'मधली गाणी एकामागून एक येतात आणि जराही ओशाळत नाहीत. २००४ मधलं तिथे एकटं 'सीक्रेट वर्ल्ड' दिसतं. बँडचा स्वतःचा कौल कुठे आहे, ते उघड आहे. मला मात्र तिथे 'हू किल्ड टँजरीन?' हवं होतं, समोरच्या सगळ्या गर्दीच्या आवाजासकट.