सदाशिव पेठेतला 'अ डॉल्स हाउस'चा वाचनवर्ग : जमलं तर नवरा-बायको दोघंही जा

सदाशिव पेठेत वीकेंडला नाटकं वाचायचा एक वर्ग चालतो, यावेळी नॉर्वेच्या इब्सेन या नाटककाराचं 'अ डॉल्स हाउस' घेतलं होतं. ग्रुपवर बऱ्याच जणींनी विचारलं फी वसूल होते का, म्हणून सविस्तर लिहितेय. होते, आरामात होते. हे लेक्चर नाहीये आणि अभिनयाचं शिबिर पण नाहीये, गोलात खुर्च्या टाकून सगळे आळीपाळीने संवाद वाचतात, मॅडम मधे मधे थांबवतात आणि मग बोलणं सुरू होतं.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे नायिका नोराचे संवाद पुरुषांना वाचायला देतात आणि तिच्या नवऱ्याचे, हेल्मरचे, बायकांना. ऐकायला गंमत वाटते पण समोर बसल्यावर कळतं काय होतं ते. पहिल्या अंकात नोरा बाहेरून येते, खिशातल्या पुडीतून मॅकरून काढून खाते आणि नवऱ्याची चाहूल लागली की पुडी लपवून तोंड पुसते, कारण दात खराब होतील म्हणून त्याने बंदी घातलीय. हे वाचत होते बँकेतून रिटायर झालेले एक काका. हेल्मर झालेल्या ताई त्यांना माझी चंडोल, माझी खारुताई म्हणत खाल्लंस का खाल्लंस का विचारतायत, आणि काका "नाही, खरंच नाही" म्हणता म्हणता थांबले आणि म्हणाले, अहो लग्नाला आठ वर्षं झालीत हिच्या, तीन मुलं आहेत, आणि ही खोटं बोलतीये ते एका बिस्किटासाठी? वर्गात कोणी हसलं नाही. मी हे नाटक आधी वाचलेलं होतं, पण त्या पुडीचं एवढं काही वाटलं नव्हतं.

मग पैशाचा भाग. नवरा आजारी, डॉक्टर म्हणतात दक्षिणेकडे हवापालटाला न्या, त्याला कर्ज काढायचं नाही आणि बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नाही. म्हणून नोरा गुपचूप ४८०० क्रोनर उचलते, जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच ठोकते, आणि मग वर्षानुवर्षं घरखर्चातून वाचवून, एका हिवाळ्यात तर रात्र रात्र कागदपत्रांच्या नकला उतरून देऊन हप्ते फेडत बसते. त्या नकला उतरण्याबद्दल ती म्हणते की दमायचे खूप पण मजा यायची, जवळजवळ पुरुष झाल्यासारखं वाटायचं. या एका वाक्यावर आम्ही खूप वेळ बोललो. टपालपेटीची किल्ली फक्त हेल्मरकडे असते, त्यावर आयटीतली एक मुलगी पटकन म्हणाली की आमच्याकडे माझा पगार जॉइंट अकाउंटला जातो आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो. तिचा नवरा शेजारीच बसला होता. तो रागावला नाही, पण गप्प झाला.

तिसरा अंक मात्र ऐकावाच. कर्ज आणि खोटी सही उघड करणारं सावकाराचं पत्र वाचल्यावर हेल्मर बायकोला काय काय बोलतो, तू मला बुडवलंस, मुलं तुझ्या हातात देणार नाही, फक्त जगाला दाखवायला या घरात राहा, आणि पाचच मिनिटांत कर्जाचा कागद परत आला की ओरडतो मी वाचलो, नोरा, मी वाचलो! ती विचारते, आणि मी? हेल्मर वाचणाऱ्या ताईंचा आवाज तिथे चढला आणि लगेच "तूही, अर्थातच" म्हणताना एकदम मवाळ झाला, तो फरक कानाला फार लागला. शेवटी नोरा घर सोडून जाते तेव्हाच्या दाराच्या आवाजाबद्दल सगळे बोलतात पण माझ्या मते लग्न मोडतं ते इथे. नंतर ती कपडे बदलून येते, त्याला टेबलाशी समोर बसवते आणि म्हणते की आठ वर्षांत आपण दोघं पहिल्यांदाच गंभीरपणे बोलतोय.

मॅडमची तयारी जबरदस्त आहे. पहिला प्रयोग कोपनहेगनला २१ डिसेंबर १८७९ ला झाला. जर्मनीतली नटी हेडविग नीमन-राबे मी माझी मुलं सोडून कधीच जाणार नाही म्हणत शेवट करायला तयारच होईना, म्हणून इब्सेनने स्वतः बदललेला शेवट लिहून दिला, त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि राहते. त्याला तो स्वतःच रानटी अत्याचार म्हणायचा. आणि ज्या बाईवरून नाटक सुचलं त्या लॉरा कीलरने पण नवऱ्याच्या आजारपणासाठीच कर्ज काढलं होतं, नवऱ्याला कळल्यावर तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. नोराचं धाडस टाळ्या घेतं आणि खऱ्या बाईचं हे असं झालं, मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता तक्रारी. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मधे इथेच पुण्यात छापलं गेलं, म्हणजे या नाटकानंतर तीनच वर्षांनी, आणि बुलढाण्याची ती बाई नवरेमंडळींना जे सुनावते ते नोरापेक्षा कितीतरी तिखट आहे. पुण्यात बसून हे नाटक वाचताय तर त्याला अर्धं सत्र तरी द्यायला हवं होतं, पाच मिनिटांत उरकलं. दाई अ‍ॅन-मरीला तर गाळलंच. स्वतःची मुलगी परक्यांकडे ठेवून जिने नोराला वाढवलं आणि नोरा जाताना ज्या बाईच्या भरवशावर मुलं सोडते, तिचे संवाद वेळ नाही म्हणून कापले हे मला अजिबात पटलं नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींची मुलं कोण सांभाळतं हा प्रश्न तिथेच येतो ना, नेमका तोच राहिला. मी फीडबॅक फॉर्ममधे लिहिलंय, पुढच्या बॅचला घेऊ म्हणालेत.

बाकी झेरॉक्सची अक्षरं बारीक आहेत, चष्मा विसरू नका. पार्किंग नाही, बसने या. चर्चा वेळेत संपत नाही त्यामुळे त्यानंतर लगेच काही ठरवू नका, आणि दोघं येणार असाल तर शेजारी नका बसू, समोरासमोर बसा.