सागरी विज्ञानाची पदवी: वर्षभर शिकल्यानंतर, धानपट्ट्यातून

बारावीनंतर बीएस्सीला सागरी विज्ञान घेतलं. दोन सत्रं पार पडली आणि तिसरं सुरू व्हायच्या आधी गावी आले आहे. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात. धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि मागे जंगल. आल्यापासून नागभीड, मूल, ब्रम्हपुरीकडच्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आईबाबांचे फोन चालू आहेत. हा कोर्स घ्यावा का, आपल्याकडच्या पोरांना जमतो का, पुढे काय. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. कॉलेजचं नाव देत नाही. ते किनाऱ्यावरच्या शहरात आहे एवढं पुरे, मला बोलायचं आहे ते शिक्षणाबद्दल.

मत आधीच सांगते. मी समाधानी आहे. आज पुन्हा अर्ज भरायचा झाला तरी हाच भरेन. मात्र "फिजिक्स-केमिस्ट्री नको, प्राणी आवडतात" एवढ्यावर कोणी इकडे येणार असेल तर त्याने थांबावं. पहिल्या वर्षात प्राणी फार थोडे भेटतात.

वर्गातले बरेच जण डॉल्फिन, प्रवाळ आणि पाणबुडी डोक्यात घेऊन आले होते. ते साहजिकही आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये डीप ओशन मिशन मंजूर केलं, आणि त्यातली तीन माणसांना ६००० मीटर खोल नेण्यासाठी बनत असलेली 'मत्स्य-६०००' अधूनमधून बातम्यांत दिसते. प्रत्यक्षात आमचं पहिलं सत्र तापमान, क्षारता, घनता आणि दाब या चार गोष्टींत गेलं. काहींचा तिथेच विरस झाला. मला मात्र तिथेच गोडी लागली. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. ठिकाणानुसार हा आकडा कमीजास्त होतो, पण त्या क्षारांतल्या मुख्य घटकांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खुल्या महासागरात जवळपास कुठेही बदलत नाही. चॅलेंजर नावाचं जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं. त्यावरून आलेले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये हे पक्कं केलं. म्हणजे एक घटक नीट मोजला की बाकीचे गणिताने काढता येतात. एवढ्या अफाट पाण्याला असा नियम लागू पडतो हे कळलं त्या दिवशी मी वसतिगृहावर जाऊन तो धडा पुन्हा वाचून काढला.

प्रॅक्टिकल हा या कोर्सचा सगळ्यात भक्कम भाग आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ ची आहे आणि आजही शिकवतात. बाटलीत बुडबुडा न अडकू देता पाणी भरायचं. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड टाकायचं. तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळासारखा पदार्थ) तयार झाला की समजायचं, ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. मग आम्ल टाकून साका विरघळवायचा आणि टायट्रेशन करायचं, म्हणजे थायोसल्फेट थेंबाथेंबाने मोजून टाकायचं. शेवटी टाकलेल्या स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे थांबायचं. वाचायला सोपं वाटतं, पण त्या एका थेंबासाठी हात आणि नजर तयार व्हायला महिने जातात. आमच्या सरांचा हट्ट असा की तीन बाटल्यांची उत्तरं जुळली नाहीत तर ती वहीत लिहायचीच नाहीत. या सवयीबद्दल मी त्यांची आभारी आहे.

हीच पद्धत मी सुट्टीत गावच्या तलावावर वापरली. मे महिन्यात पाणी आटतं, तळाशी गाळ आणि वर हिरवट शेवाळाचं पाणी उरतं. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे. संस्थेतले ढिवर काका सांगत होते की पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड उघडतात, आणि काही सकाळी मेलेले सापडतात. काहींचा संशय होता की कोणी औषध टाकलं. कॉलेजातून मागून आणलेलं किट घेऊन मी काकांबरोबर डोंग्यातून पहाटे आणि मग दुपारी, त्याच जागचं पाणी काढलं. काका विचारत होते, "पोरी, तुह्या त्या बाटलीत का दिसते?" दुपारी साका गडद तपकिरी बसला, पहाटे अगदी फिका. कारण सरळ आहे. हिरवं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेही माशांसारखा श्वास घेतं आणि तळाचा गाळ कुजताना आणखी ऑक्सिजन खातो. सूर्य उगवायच्या थोडं आधी साठा सगळ्यात कमी असतो. काकांना मी एवढंच सांगितलं की पाणी एवढं हिरवं असताना शेणखत टाकणं थांबवा, आणि मासे वर दिसले की पंप लावून पाणी उडवून पुन्हा तलावातच पाडा. पारदर्शकता बघायला एक सेक्की तबकडीही करून दिली. वेल्डरकडून २० सेंटीमीटरची पत्र्याची चकती कापून घेतली, काळे-पांढरे चतकोर रंगवले आणि मध्ये खुणा केलेली दोरी बांधली. ती पाण्यात सोडायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते बघायचं. मत्स्यतलावात ३०-४० सेंटीमीटरच्या आसपास ठीक, त्याहून बरंच कमी आलं की सावध. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पोपच्या जहाजावरून जे केलं तेच हे.

आपल्याकडची मुलं या विषयात मागे पडतील असं जे म्हणतात, त्यांना मी हेच उत्तर देते. माझ्या वर्गात किनाऱ्यावर वाढलेली मुलं होती. भरती-ओहोटी त्यांच्या अंगात होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे त्यांना आजोबांकडून ठाऊक. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पण साचलेलं पाणी दिवसभरात कसं बदलतं, गाळ कुठे बसतो, पहिला पाऊस आला की रंग कसा पालटतो, हे मला बोलता येत होतं. दोन्हीकडचं ज्ञान वर्गात सारखंच कामी आलं.

आता खटकलेल्या गोष्टी. माहितीपत्रकात जेवढ्या समुद्रफेऱ्या लिहिल्या होत्या त्याच्या निम्म्याही झाल्या नाहीत. कधी बोट मिळाली नाही, कधी हवामान, कधी निधी. प्रवेश घेण्याआधी वरच्या वर्गातल्या मुलांना गाठून विचारा की मागच्या वर्षी खरोखर किती वेळा बोटीवर गेलात. आणि बोटीवर गेल्यावर पोट ढवळतं. आमच्यातले बहुतेक जण पहिल्यांदा कठड्याला धरून बसले होते, किनाऱ्यावरचे सुद्धा. हलकं खाऊन जायचं, क्षितिजाकडे बघायचं, आणि नमुना घेण्याचं काम हातात असेल तर त्रास कमी होतो. शिकवणं पूर्ण इंग्रजीत आहे. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना पहिले दोन महिने जड जातात, नंतर सरावतं. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा आले, तोवर मेसचं बिल घरून भरावं लागलं. ज्यांच्या घरी धान विकल्यावरच पैसा येतो त्यांनी पहिल्या सत्राची सोय आधी करून ठेवावी.

माझ्या बाबांचा या शिक्षणावर विश्वास बसला तो पावसामुळे. बाबा धानाचे शेतकरी. पऱ्हे (धानाची रोपं) टाकायचे की थांबायचं हा त्यांचा दर जूनचा प्रश्न. आमच्याकडचा रोवणीचा चांगला पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रातून येतो. ते ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगडमार्गे पूर्व विदर्भावर सरकतं. अशी क्षेत्रं त्या उपसागरात वारंवार का तयार होतात, हे मला दुसऱ्या सत्रात कळलं. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी हलकं असतं. ते खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं पसरून राहतं, आणि वाऱ्याला खालचं थंड पाणी सहजासहजी वर आणता येत नाही. त्यामुळे वरचा थर गरम राहतो. २८ अंश सेल्सिअसच्या वर तापलेला समुद्र ढगांना भरपूर बाष्प आणि ऊर्जा पुरवतो. आता आमच्या तलावाचा विचार करा. तो भरला की सांडव्याचं पाणी नाल्याने वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला आणि गोदावरी त्याच उपसागराला. सरळ रेषेत मोजलं तर आमच्या गावाला मुंबईपेक्षा हा समुद्रच जवळ आहे. बाबांना मी नकाशावर बोट ठेवून हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ प्रश्न विचारत बसले होते.

त्यांचा पुढचा प्रश्न टीव्हीवरच्या बातम्यांमुळे होता: एल निनो आला म्हणजे दुष्काळ नक्की का? नाही. १९९७ मध्ये फार मोठा एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा खूप तापलं होतं, तरी देशाचा मान्सून सरासरीइतका पडला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग नेहमीपेक्षा गरम आणि इंडोनेशियाकडचा थंड झाला होता, आणि त्याने एल निनोचा परिणाम बराचसा झाकला असं मानलं जातं. या झोक्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. १९९९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला तेव्हापासून अंदाज वर्तवणारे दोन्ही महासागरांकडे बघतात. गावात हवामानाच्या अर्ध्या बातमीवर बियाणं आणि कर्ज यांचे निर्णय होतात, म्हणून हे समजावून सांगणारं कोणीतरी प्रत्येक तालुक्यात असायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

गावात बसूनही या विषयाचा अभ्यास थांबत नाही, हा मला न अपेक्षिलेला फायदा. महासागरांत सुमारे चार हजार आर्गो तरंगक सोडलेले आहेत. प्रत्येक तरंगक हजार मीटर खोल वाहत राहतो, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतो, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतो आणि उपग्रहाला कळवतो. ही माहिती सगळ्यांना फुकट आहे. भारताच्या बाजूने हे काम हैदराबादची इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) बघते. हीच संस्था त्सुनामीचा इशारा देते आणि मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते मराठीतही कळवते. माझा सुट्टीतला प्रोजेक्ट बंगालच्या उपसागरातल्या अशा एका तरंगकाच्या जुलैतल्या नोंदींवर आहे. फोनच्या हॉटस्पॉटवर नोंदी उतरवून घेतल्या, आलेख घरी काढले. वरचा गोड्या पाण्याचा थर आलेखात स्पष्ट दिसतो.

थोडं भूविज्ञानही आहे. त्यातला एकच धडा सांगते, कारण तो आपल्या जिल्ह्याचा आहे. कोरपना-गडचांदूरकडे ज्या चुनखडकावर सिमेंटचे कारखाने उभे आहेत तो पैनगंगा गटातला खडक समुद्राच्या पाण्यात साचलेला आहे, डायनोसॉरच्याही फार आधी. आमच्या गावचे कितीतरी लोक त्या कारखान्यांत कामाला गेले.

नोकरीबद्दल गोड बोलून उपयोग नाही. नुसत्या बीएस्सीवर या क्षेत्रात फार कमी मिळतं. एमएस्सी धरूनच चला. गोव्यातली राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था, तिथलंच ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था), इन्कॉइस, कोचीची सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था), इथले प्रकल्प पुढच्या पदवीनंतरच हाती लागतात. मत्स्य विभागात अधिकारी व्हायचं असेल किंवा गावी मत्स्यपालनच करायचं असेल तर हा कोर्स तुमच्यासाठी नाही. त्यासाठी नागपूरला माफसूचं (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, चार वर्षांची स्वतंत्र पदवी आहे, आणि नोकरभरतीच्या जाहिरातीत कोणती पदवी मागितली आहे ते शब्दन् शब्द वाचा. मुलींच्या आईबाबांनी मला सुरक्षिततेचं विचारलं. वसतिगृह ठीक आहे, बोटीवर शिक्षक बरोबर असतात, आणि मुली-मुलांना कामं वेगळी दिली जात नाहीत. जाळं आम्हीही ओढतो.

या सुट्टीत अर्ज भरणार असाल तर अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची मोल, टायट्रेशन आणि द्रावणांची प्रकरणं पुन्हा सोडवून ठेवा, पहिलं सत्र हलकं जाईल. किट माझ्याकडे कॉलेज उघडेपर्यंत आहे. सिंदेवाही-नागभीडकडे कोणाला आपल्या तलावाचं पाणी तपासून बघायचं असेल तर निरोप द्या, पण पहाटे चारला काठावर हजर राहावं लागेल.