हळदीच्या कॅप्सूल: डबीवर ५०० लिहिलंय, त्यात अर्क किती?

औषधाच्या दुकानात ‘हळद ५०० मिग्रॅ’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात, पण समोरून दोन्ही सारख्याच पिवळ्याधमक. फरक कळतो मागच्या बारीक अक्षरांत. एकीत हळदीची नुसती पूड भरलेली असते, दुसरीत ‘९५ टक्के करक्युमिनॉइड्स’ (हळदीतले पिवळे घटक, त्यातला मुख्य करक्युमिन) असलेला अर्क. पुडीत ते साधारण ३ टक्के धरले, तर ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून १५ मिलिग्रॅम मिळतात. अर्काच्या कॅप्सूलमधून ४७५. तेवढंच पुडीतून हवं असेल तर सोळाएक ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे हळद खावी लागेल. त्यामुळे पुडीची कॅप्सूल घेऊच नये. तीच वस्तू मसाल्याच्या डब्यात आहे, आणि कितीतरी स्वस्त.

मागच्या मजकुरावर विश्वास नसेल तर एक कॅप्सूल उघडून बशीत ओता. अर्क गडद नारिंगी असतो आणि त्याला हळदीचा वास जवळजवळ नसतो, कारण वास येतो तो हळदीतल्या तेलाचा, आणि अर्क शुद्ध करताना ते बहुतेक निघून जातं. बशीतून वरण-फोडणीची आठवण होणारा वास आला, तर आत पूड आहे. चुन्याची निवळी टाकून ‘लाल झालं म्हणजे अस्सल’ दाखवणारे व्हिडिओ मात्र सोडून द्या. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होणारच, कुंकू तसंच होतं. त्यावरून प्रमाण कळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडं आतड्यातून आत जातं त्याचं रूपांतर करून यकृत ते लगेच बाहेर टाकतं. म्हणून बऱ्याच डब्यांत ‘पिपेरिन’ असतं, म्हणजे काळ्या मिरीतला तिखट घटक. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. जाहिराती हा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. मुळातलं प्रमाण नगण्य होतं, हे छापत नाहीत. शिवाय पिपेरिन यकृताची तीच वाट अडवतं जिथून इतर औषधंही निघून जातात. फेनिटॉइन (फिट्सवरचं), थिओफायलिन (दम्यावरचं), प्रोप्रानोलॉल (रक्तदाबावरचं) या औषधांची रक्तातली पातळी त्यामुळे वाढू शकते. यांपैकी काही चालू असेल तर मिरीवाली डबी नकोच.

उपयोग कुठे? गुडघ्याच्या संधिवातात पुरावा बऱ्यापैकी आहे. थायलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६७ रुग्णांच्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम हळदीच्या अर्काने चार आठवड्यांत मिळालेला आराम आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीचा होता, आणि पोटाच्या तक्रारी कमी होत्या. प्रतिकारशक्ती, कर्करोग, वजन यांबद्दल डबीवर जे सुचवलेलं असतं, त्यावर पैसे घालवू नयेत. त्याच डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ कायद्याने छापावी लागते, ती शोधून वाचा.

घ्यायचीच तर जेवणासोबत, आणि जेवणात थोडं तूप-तेल असू द्या. उपाशीपोटी घेतली तर मळमळ आणि जुलाब हीच पहिली तक्रार येते. चार-सहा आठवड्यांत गुडघ्याला फरक पडला नाही तर दुसरी डबी आणू नका.

पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. इटलीत अशा गोळ्यांशी जोडलेले यकृताच्या सुजेचे रुग्ण आढळल्यावर २०१९ मध्ये तिथे लेबलवर इशारा छापणं बंधनकारक झालं. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि रक्त तपासायला जाताना डबी सोबत न्या.